काउंटर पुढे, तिजोरी आत

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचे गोल सर्कल कापले जाते, डायवर दाबले जाते, पॉलिश होते आणि वाटी, डबा किंवा ताट होऊन गावोगावच्या भांडी बाजारांत पोहोचते. या धंद्यातील ऑर्डरी आजवर फोनवर, दलालामार्फत आणि अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहिल्या. आता घरातील पुढची पिढी म्हणते की, पेढीचे स्वतःचे संकेतस्थळ हवे. पार्टीने त्यावर लॉग-इन करावे, आपला भाव पाहावा, माल निवडावा, बाकी तपासावी आणि पैसेही तिथेच भरावेत. मागणी रास्त आहे. त्यावर वडीलधारी मंडळी साधारणतः दोनच प्रश्न विचारतात : खर्च किती आणि काम किती दिवसांत होईल? संकेतस्थळाची रचना कशी असेल, हा तिसरा प्रश्न प्रोग्रामरचा विषय म्हणून सोडून दिला जातो. वास्तविक पेढीचे नफा-नुकसान या तिसऱ्या प्रश्नाशी बांधलेले असते आणि तो समजून घेण्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

ग्राहकाच्या हातात काय जाते?

अशा संकेतस्थळाचे दोन भाग असतात. एक भाग सर्व्हरवर, म्हणजे पेढीच्या ताब्यातील किंवा भाड्याने घेतलेल्या संगणकावर चालतो. तेथे खाती, भाव आणि बिले असतात. दुसरा भाग ग्राहकाच्या मोबाइलवर किंवा संगणकावर, त्याच्या ब्राउझरमध्ये चालतो. या पुढच्या भागाला फ्रंट-एंड म्हणतात. पान उघडताच त्याच्या साऱ्या फाइली ग्राहकाच्या यंत्रात उतरतात. संगणकाच्या ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबली की त्या फाइली, सर्व्हरकडून आलेली माहिती आणि सर्व्हरकडे गेलेला निरोप, सारे काही वाचता येते; इतकेच नव्हे, तर बदलताही येते. त्यासाठी कोणतीही चोरी करावी लागत नाही. ब्राउझरची ती नेहमीची सोय आहे.

यावरून पहिला नियम निघतो. फ्रंट-एंड म्हणजे दुकानाचे काउंटर. काउंटरवर मांडलेली वस्तू ग्राहक उचलून पाहणारच. म्हणून जे दाखवायचे तेवढेच काउंटरवर यावे आणि जे ठरवायचे ते आतल्या तिजोरीजवळ ठरावे.

हा नियम मोडला तर काय होते, याची तीन उदाहरणे पाहावीत. समजा, एका पार्टीने ४२० रुपये दराचे ५० डबे निवडले. फ्रंट-एंडने २१,००० रुपयांची बेरीज केली आणि तीच रक्कम सर्व्हरला कळवली. सर्व्हरने ती तपासल्याविना मान्य केली, तर वाटेत त्या आकड्यातील एक शून्य उडवून २,१०० करणे कठीण नाही. योग्य रचनेत फ्रंट-एंड फक्त मालाचा क्रमांक आणि नग कळवते. भाव, वटाव, कर आणि बेरीज सर्व्हर स्वतःच्या नोंदींवरून काढतो. ग्राहकाला आधी दिसलेली बेरीज हा केवळ अंदाज असतो.

दुसरे उदाहरण घाऊक व्यापाऱ्याच्या जिव्हाळ्याचे आहे. प्रत्येक पार्टीचा भाव वेगळा असतो. काही संकेतस्थळे सगळ्या पार्ट्यांचे भाव ब्राउझरकडे पाठवतात आणि तेथे फक्त लागू असलेला भाव दाखवून बाकीचे झाकून ठेवतात. पडद्यावर एकच भाव दिसतो. पण एफ-१२ दाबणाऱ्याला संपूर्ण भावपत्रक मिळते. पुढच्या सौद्यात ती पार्टी कोणत्या आकड्यापासून बोलणी सुरू करील, हे सांगायला नको.

तिसरे उदाहरण बिलाचे. पत्त्याच्या पट्टीत बिल क्रमांक १०४१ दिसतो; ग्राहक सहज १०४२ टाकून पाहतो आणि दुसऱ्या पेढीचे बिल उघडते. लॉग-इन आहे की नाही, एवढेच सर्व्हरने तपासले. हे बिल याच पार्टीचे आहे का, हे तपासले नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या जागतिक संस्थेने २०२१ साली जोखमींची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात याच प्रकारच्या दोषाला पहिले स्थान आहे.

निर्णय खातेवहीजवळ व्हावा, हे तत्त्व केवळ संकेतस्थळांपुरते नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातील मोठी रक्कम बनावट कार्डांद्वारे अनेक देशांतील एटीएममधून काढण्यात आली. एटीएमच्या जाळ्याकडून येणारी मागणी बँकेच्या मुख्य खाते-प्रणालीपर्यंत पोहोचण्याऐवजी हल्लेखोरांनी मध्ये बसवलेल्या बनावट यंत्रणेकडे वळत होती आणि ती यंत्रणा परस्पर होकार देत होती. खात्यात पैसे आहेत का, हे खात्याला विचारलेच जात नव्हते. तो हल्ला फ्रंट-एंडवरचा नव्हता. परंतु आतली वही न पाहता बाहेरच्या बाहेर होकार मिळाला की काय घडते, याचे महाराष्ट्रातील हे ठळक उदाहरण आहे.

किल्ल्या आणि पावत्या

पेमेंट गेटवे व्यापाऱ्याला सहसा दोन किल्ल्या देतो. एक पेढीची ओळख सांगणारी. ती उघड राहिली तरी चालते. दुसरी गुप्त, तिने परतावा देण्यासारखे व्यवहार करता येतात. ही गुप्त किल्ली फ्रंट-एंडच्या कोणत्याही फाइलमध्ये असता कामा नये. येथे एक गैरसमज वारंवार होतो. प्रोग्रामर किल्ली एका वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये ठेवतो आणि ती सुरक्षित झाली असे मानतो. फ्रंट-एंड बांधणाऱ्या साधनांना त्या फाइलमधील जी नावे वापरण्याची मुभा दिलेली असते, त्यांच्या किमती अंतिम फाइलींत जशाच्या तशा उतरतात आणि तेथून ग्राहकाकडे जातात. शिवाय कोड जपून ठेवणाऱ्या गिटसारख्या प्रणालीत प्रत्येक जुनी आवृत्ती शिल्लक राहते. एकदा चुकून नोंदली गेलेली किल्ली नंतर पुसली तरी इतिहासात सापडते. अशा वेळी कुलूपच बदलावे लागते, म्हणजे जुनी किल्ली रद्द करून नवी घ्यावी लागते.

पैसे मिळाल्याची खात्रीही काउंटरवर होत नाही. दुकानात ग्राहक मोबाइलवर हिरवी खूण दाखवतो, तरी अनुभवी दुकानदार साउंडबॉक्स बोलेपर्यंत पिशवी हातात देत नाही. कारण पडदा ग्राहकाचा असतो आणि आवाज त्याच्या फोनवरून नव्हे, तर पेमेंट यंत्रणेकडून आलेला असतो. संकेतस्थळालाही हाच न्याय लागू करावा. ब्राउझरने ‘पेमेंट यशस्वी’ म्हटले म्हणून माल सुटू नये. गेटवेने सर्व्हरला थेट कळवलेला आणि सांकेतिक सहीने पडताळलेला निरोप आल्यावरच ऑर्डर पक्की व्हावी. कार्डाचे तपशील तर पेढीने साठवूच नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक जपून ठेवता येत नाही; त्याच्या जागी टोकन वापरले जाते.

एक डाय, हजार वाट्या

आता रचनेच्या दुसऱ्या अंगाकडे, पुनर्वापराकडे वळावे. डाय एकदा नीट बसवली की हजारो वाट्या एकसारख्या निघतात. डायमध्ये सुधारणा केली की पुढची प्रत्येक वाटी सुधारलेली येते. प्रत्येक वाटी हाताने ठोकायची ठरवली तर ते शक्य होत नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र हाताने ठोकण्याचा प्रकार सर्रास चालतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून स्टीलच्या भांड्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्या संकेतस्थळात १२ हा आकडा मालाच्या पानावर, टोपलीत, बिलाच्या नमुन्यात आणि परताव्याच्या पानावर वेगवेगळा लिहिलेला असेल, तेथे तो प्रत्येक ठिकाणी शोधून बदलणे भाग होते. एखादी जागा सुटली की ग्राहकाला एक रक्कम दिसणार आणि बिल दुसऱ्या रकमेचे निघणार. शिवाय आकडा सरसकट बदलूनही भागत नाही, कारण २२ सप्टेंबरपूर्वीच्या बिलांवर १२ टक्केच दिसले पाहिजेत. म्हणून दर आणि तो लागू होण्याची तारीख अशी जोडी सर्व्हरवर एकाच जागी असावी आणि फ्रंट-एंडने ती फक्त वाचून दाखवावी.

पुनर्वापराची खरी कसोटी मात्र दुसऱ्या पेढीच्या वेळी लागते. व्यापारी घरांत थोरल्याचा भांड्यांचा गाळा, धाकट्याचे किरकोळ दुकान आणि सुनेचा घरगुती खाद्यपदार्थांचा उद्योग अशी शाखा-विस्ताराची पद्धत असतेच. पहिले संकेतस्थळ चांगले चालले की प्रोग्रामर त्याची नक्कल करून नाव आणि रंग बदलतो आणि दुसरे तयार करतो, मग तिसरे. काम स्वस्तात होते. पुढे सहा महिन्यांनी पहिल्या संकेतस्थळात बिल क्रमांकाचा तो दोष सापडतो आणि दुरुस्त होतो. उरलेल्या दोन नकलांत तो तसाच राहतो, कारण त्या नकलांची आठवण कोणालाच नसते. सुरक्षितता आणि पुनर्वापर यांचा संबंध येथे दिसतो : दुरुस्ती सर्वत्र पोहोचायची असेल तर मूळ वस्तू एकच असावी लागते.

त्यासाठी प्रकल्पाचे फोल्डर सुरुवातीपासून वेगळे पाडावे लागतात. नावे काहीही असोत, कप्पे साधारण पाच.

पहिल्या कप्प्यात सुटे घटक : बटण, नगसंख्येची चौकट, मालाचे कार्ड, पत्त्याचा फॉर्म, रुपये दाखवणारा घटक. दीड लाख हा आकडा १,५०,००० असाच दिसावा, १५०,००० असा नव्हे. हे एकदा एका घटकात ठरले की सर्वत्र तसेच दिसते. या घटकांना पेढीचे नाव ठाऊक नसावे. तरच ते तिन्ही पेढ्यांना चालतील.

दुसऱ्या कप्प्यात पाने. घटक जुळवून मालाचे पान, बिलाचे पान, खात्याचे पान तयार होते.

तिसऱ्या कप्प्यात सर्व्हरशी बोलणारा भाग. हा सर्वांत महत्त्वाचा. सर्व्हरकडे जाणारा प्रत्येक निरोप याच एका दारातून जावा. लॉग-इनची मुदत संपली तर काय करायचे, सर्व्हरने नकार दिला तर ग्राहकाला काय सांगायचे, हे येथे एकदाच ठरते. प्रत्येक पानाने सर्व्हरशी परस्पर बोलायला सुरुवात केली की गाळ्याला दहा दारे होतात आणि रखवालदार मात्र एकच असतो.

चौथ्या कप्प्यात पेढीची ओळख : नाव, बोधचिन्ह, रंग, जीएसटी क्रमांक, दूरध्वनी, भाषा. दुसऱ्या पेढीसाठी शक्यतो एवढाच कप्पा बदलावा.

पाचव्या कप्प्यात चाचण्या. सामाईक डायमध्ये खोट आली तर प्रत्येक वाटी खोटी निघते. तसेच सामाईक घटकातील दोष एकाच वेळी तिन्ही पेढ्यांत पसरतो. म्हणून घटकात बदल झाला की यंत्राने आपोआप तपासण्या कराव्यात आणि त्या उत्तीर्ण झाल्यावरच नवी आवृत्ती पुढे जावी. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची, अशी पद्धत असते. प्रोग्रामरच्या कामालाही दुसऱ्या जाणकाराची नजर आवश्यक मानावी.

एका ग्राहकाचा शेरा

सामाईक घटक किती मोलाचा ठरतो, हे एका साध्या चौकटीवरून कळते. ऑर्डरखाली ‘शेरा’ लिहिण्याची जागा असते. बहुतेक जण ‘माल लवकर पाठवा’ एवढेच लिहितात. एखादा खोडसाळ तेथे मजकुराऐवजी जावास्क्रिप्टचा कोड लिहितो. पेढीच्या कार्यालयात मालकाने ती ऑर्डर उघडली आणि पानाने तो शेरा मजकूर म्हणून न दाखवता कोड म्हणून चालवला, तर तो मालकाच्या लॉग-इनचे सारे अधिकार वापरू शकतो. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर एका तरुणाने आपल्या परिचय-पानात असाच कोड दडवला होता. पान पाहणाऱ्याच्या नावाने तो स्वतःची नक्कल पुढे करीत गेला आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पोहोचला.

उपाय सोपा आहे : ग्राहकाने लिहिलेले सर्व काही मजकूर म्हणूनच दाखवणारा एकच घटक असावा. आज फ्रंट-एंडसाठी रिअ‍ॅक्ट हे साधन पुष्कळ वापरले जाते आणि ते मुळातच तसे वागते. ही मर्यादा ओलांडण्याच्या सोयीच्या नावातच तिच्या निर्मात्यांनी ‘डेंजरसली’, म्हणजे धोकादायक, असा शब्द घातला आहे. तो शब्द प्रकल्पात कोठे आहे, हे शोधायला एक मिनिट लागते. लॉग-इनची खूणही ब्राउझरच्या उघड्या साठ्यात न ठेवता, जावास्क्रिप्टला वाचता येणार नाही अशा कुकीत ठेवावी. घुसलेला कोड तरीही काही उपद्रव करू शकेल; परंतु ती खूण उचलून बाहेर नेऊ शकणार नाही.

बाहेरून आलेला माल

कोणतेही फ्रंट-एंड पूर्णपणे घरी घडत नाही. इतरांनी लिहिलेली शेकडो पॅकेजे त्यात येतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने मागे घेतले आणि त्यावर थेट वा आडवळणाने अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरील एका जुन्या स्क्रिप्ट फाइलमध्ये हल्लेखोरांनी २२ ओळी घुसवल्या. ग्राहकांनी भरलेले कार्डाचे तपशील परस्पर त्यांच्याकडे जाऊ लागले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये त्या कंपनीला २ कोटी पाउंडांचा दंड केला. २०२४ साली पॉलिफिल डॉट आयओ हा पत्ता दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला. तेथून थेट स्क्रिप्ट मागवणारी एक लाखाहून अधिक संकेतस्थळे होती. जूनमध्ये त्यांचे काही ग्राहक सट्टेबाजीच्या पानांकडे वळवले जात असल्याचे उघड झाले. त्या संकेतस्थळांच्या मालकांनी आपल्या फाइलींत एक अक्षरही बदललेले नव्हते.

भांड्यांच्या व्यापाऱ्याला हा धोका समजावून सांगावा लागत नाही. ३०४ आणि २०२ या दोन्ही प्रतींचा पत्रा चकाकीवरून ओळखू येत नाही. म्हणून जाणता खरेदीदार चाचणी प्रमाणपत्र मागतो. फ्रंट-एंडमध्येही अशी प्रमाणपत्रे असतात. लॉक फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि तिचा गणिती ठसा नोंदलेला असतो. आलेला माल त्याच्याशी जुळला नाही तर बांधणी थांबते. बाहेरच्या पत्त्यावरून येणाऱ्या स्क्रिप्टलाही असा ठसा जोडता येतो. त्याहून बरे म्हणजे ती फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवावी. आणखी एक संरक्षण म्हणजे सर्व्हरने ब्राउझरला दिलेली परवानगीची यादी : या पानावर कोणत्या पत्त्यांवरील कोड चालावा आणि माहिती कोणाकडे जावी. अनोळखी पत्ता असेल तर ब्राउझर स्वतःच अडवतो.

करार करण्यापूर्वी

या साऱ्याचा खर्च पहिल्या संकेतस्थळात थोडा अधिक दिसतो. नक्कल करून देणाऱ्याचा भाव कमी असतो. तुलना करताना मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या पेढीचा, दर बदलल्याच्या दिवसाचा आणि एखाद्या पार्टीचे बिल दुसऱ्याला दिसल्यावर गमावलेल्या पतीचा हिशेब मांडावा. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, लोकांच्या माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न केल्यास कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गरजेपेक्षा अधिक माहिती न मागणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

प्रोग्रामरशी बोलताना सहा प्रश्न लिहून न्यावेत. भाव, वटाव, कर आणि बेरीज कोण ठरवतो, ब्राउझर की सर्व्हर? प्रत्येक बिल उघडताना ते त्याच पार्टीचे आहे हे सर्व्हर तपासतो का? गुप्त किल्ल्या कोठे आहेत आणि कोणाकोणाला ठाऊक आहेत? दुसऱ्या पेढीसाठी नेमका कोणता फोल्डर बदलावा लागेल? बाहेरची पॅकेजे किती आणि ती तपासून अद्ययावत कोण व कधी करतो? आणि शेवटचा : संकेतस्थळाचा पत्ता, सर्व्हरचे खाते आणि गिटवरील कोड कोणाच्या नावावर आहे? तो प्रोग्रामरच्या खासगी ई-मेलवर असेल, तर तो नोकरी सोडून गेल्यावर संकेतस्थळाच्या किल्ल्याही त्याच्याबरोबर जातील. गाळ्याचा करार आपण पेढीच्या नावाने करतो. ही तीन खातीही पेढीच्या नावाने, द्विस्तरीय पडताळणी लावून आणि घरातील किमान दोघांच्या माहितीत असावीत.

पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता प्रोग्रामरला संगणकासमोर बसवून दाखवायला सांगावीत. एफ-१२ दाबून भावपत्रक कोठवर दिसते ते पाहावे आणि बिलाचा क्रमांक एकाने वाढवून पाहावा. या दोन तपासण्यांना दहा मिनिटेही लागत नाहीत आणि अखेरचा हप्ता त्यांनंतरच द्यावा.